लाइट लागते, पण बाण हलत नाही

आधी प्रश्न थोडक्यात. पारोळा तालुक्यातल्या एका जिनिंगच्या काटा-ऑफिसात जुना डेस्कटॉप आहे, त्यावर उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार). परवा दुपारी लाइट गेली आणि आली. तेव्हापासून यूएसबी माऊसच्या पोटातली लाल लाइट लागते, पण पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही. कीबोर्ड व्यवस्थित चालतो. तोच माऊस घरच्या लॅपटॉपला लावला की पळतो. तीनदा रीस्टार्ट करून झालं. रिपेअरवाला बघून गेला आणि म्हणाला, लिनक्सचाच घोळ आहे, विंडोज टाकून घ्या. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे आणि भाऊ विचारतात: सगळं पुसून उबंटू परत टाकू का?

नका टाकू, भाऊ. जळगाव-धुळ्याकडची ऑफिसं आणि शाळांच्या लॅब सांभाळत मला वीस वर्षं झाली. माऊससाठी पूर्ण सिस्टिम परत टाकावी लागली असं एकदाही घडलेलं नाही. ठिबकच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचलं नाही म्हणून आपण नवी मोटर बसवतो का? आधी फिल्टर बघतो, मग व्हॉल्व्ह, मग सबमेन, मग लॅटरल. पाणी कुठपर्यंत येतं आणि कुठून पुढे येत नाही ते शोधतो. इथेही तेच करायचं.

पण गाड्या उभ्या आहेत, तर आधी काम चालू करा. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आहे, तिथे ‘माऊस कीज’ चालू करा. कीबोर्डवर टॅब, बाणाच्या कळा आणि एंटर एवढ्यावर तिथवर जाता येतं. मग नम लॉक बंद ठेवून उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी बाण हलतो आणि ५ दाबलं की क्लिक होतं. हळू आहे, पण काटापावत्या निघतील.

आता त्या लाल लाइटबद्दल, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. ‘लाईट तं लागस, पन हालस नही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की फोन उचलतानाच ते कानात वाजतं. यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात. लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, आणि पांढरी व हिरवी या बोलण्याच्या. (स्वस्त मालात रंग इकडचे तिकडे झालेले असतात, त्यामुळे रंगावर पैज लावू नका.) लाइट लागायला लाल-काळी पुरते. म्हणजे लाइट फक्त एवढंच सांगते की वीज पोचली. माऊस संगणकाशी एक शब्द तरी बोलला का, ते तिला माहीत नसतं.

बोलणं कसं सुरू होतं ते कळलं की निम्मं निदान घरबसल्या होतं. माऊसच्या आत दीड किलोओहमचा एक रेझिस्टर असतो आणि तो बोलण्याच्या एका तारेला वर ओढून धरतो. पांढरी ओढलेली दिसली की संगणक समजतो, मंद वेगाचं उपकरण आलं, म्हणजे सेकंदाला १.५ मेगाबिटचं. हिरवी ओढलेली दिसली तर १२ मेगाबिटचं. साधे वायरवाले माऊस बहुतेक पहिल्या जातीचे. यातून एक मजेची गोष्ट निघते. अशा माऊसची पांढरी तार तुटली तर संगणकाला तो आल्याचं कळतच नाही, पूर्ण शांतता. हिरवी तुटली तर आल्याचं कळतं, पण पुढे बोलणं जमत नाही आणि चुकांचा पाऊस पडतो. लाइट मात्र दोन्ही वेळेला तितकीच लाल!

ही शांतता की पाऊस, ते बघायचं कर्नलच्या (म्हणजे उबंटूच्या आतल्या गाभ्याच्या) रोजनिशीत. कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबून टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. (आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरायची.) आज्ञा आहे ‘सुडो’ (मालकाच्या हक्कानं चालव, असं सांगणारा शब्द), मग जागा सोडून ‘डी-एम-ई-एस-जी’ (बोलताना ‘डीमेसेज’) आणि पुढे ‘वजा डब्ल्यू’. नव्या उबंटूत सुडोशिवाय ती रोजनिशी उघडत नाही. जुन्या ओळी वाहून गेल्या की दोन-तीनदा एंटर मारून मोकळी जागा करा. मग माऊस काढा, पाच सेकंद थांबा, परत लावा, आणि काय उमटतं ते बघा. पुढचा सगळा रस्ता या एका प्रयोगावर ठरतो, म्हणून तो घाईत करू नका.

काहीच उमटलं नाही, तर गोष्ट सॉफ्टवेअरपर्यंत गेलेलीच नाही. त्याच भोकात पेन ड्राइव्ह लावा. तोही गप्प असेल तर पोर्ट मेलेला किंवा सुटलेला. समोरचे पोर्ट मदरबोर्डला एका बारक्या वायरीनं जोडलेले असतात. कॅबिनेट हलवताना ती निसटते. म्हणून माऊस मागच्या बाजूला, थेट बोर्डावरच्या पोर्टात लावून बघणं ही पहिली खरी चाचणी. जिनिंगच्या ऑफिसात आणखी एक खास कारण असतं: रुई. मी तुमच्याच पट्ट्यातल्या एका ऑफिसात पोर्टातून चिमट्यानं कापसाचा बोळा ओढून काढलाय, तो पिळला असता तर वात झाली असती. संगणक पूर्ण बंद करून, प्लग काढून, बॅटरीच्या उजेडात पोर्टाच्या आत बघा. आणि वायर बोटांनी चाचपत जा, विशेषतः माऊसच्या तोंडाशी, जिथे ती रोज वाकते. सरकी साठवलेली असेल तिथे उंदीर वायर कुरतडतात. तुमचा माऊस लॅपटॉपवर चालतो म्हणून वायरीचा संशय कमी, पण अर्धवट तुटलेली तार एका कोनात चालते आणि दुसऱ्यात नाही.

पेन ड्राइव्ह चालतो आणि माऊस गप्प, असं झालं तर ‘म्हणजे पोर्ट चांगलाच आहे’ असं म्हणून मोकळे होऊ नका. पेन ड्राइव्ह ४८० मेगाबिटच्या वेगानं बोलतो, माऊस १.५ च्या. खूप जुन्या मदरबोर्डवर या दोन वेगांची खातीच वेगळी असतात: वेगवान उपकरणं ‘ईएचसीआय’ नावाच्या नियंत्रकाकडे, मंद उपकरणं त्याच्या जोडीदाराकडे, म्हणजे ‘यूएचसीआय’ किंवा ‘ओएचसीआय’कडे. भोक एकच, पण आत दोन कारकून. दुसरा कारकून रजेवर असेल तर पेन ड्राइव्ह चालतो आणि माऊस मरतो. तुमचा कीबोर्डही यूएसबीचा असेल, तर तो बहुतेक मंद वेगाचाच असणार आणि चालतोय, म्हणजे निदान त्याच्या पोर्टाचा कारकून हजर आहे. सरळ अदलाबदल करा: माऊस कीबोर्डच्या जागी, कीबोर्ड माऊसच्या जागी. फुकटची आणि फार बोलकी चाचणी आहे ही.

आता दुसरी शक्यता, चुकांचा पाऊस. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ आणि शेवटी ‘एरर -७१’, किंवा ‘एरर -११०’, किंवा ‘नॉट ॲक्सेप्टिंग ॲड्रेस’. -७१ म्हणजे बोलण्याची रीत मोडली, अक्षरं तुटक आली. -११० म्हणजे वाट बघितली, उत्तर आलं नाही. दोन्हींचा सांगावा सारखाच: माऊस आल्याचं दिसलं, पण ‘तू कोण’ विचारल्यावर धड बोलला नाही.

लाइट जाऊन आल्यावर हे झालं, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा शब्द आहे. रिपेअरवाल्यानं नेमका तोच सोडून दिला. डेस्कटॉप ‘शटडाउन’ केला तरी एसएमपीएसमधून (संगणकाला वीज देणाऱ्या डब्यातून) ५ व्होल्टची एक स्टँडबाय लाइन चालूच राहते आणि बऱ्याच बोर्डांवर यूएसबीला तिच्यातून वीज मिळत असते. बंद संगणकाला लावलेल्या माऊसची लाइट रात्रभर जळताना तुम्ही बघितली असेल, ती हीच. व्होल्टेजच्या झटक्यात बोर्डावरच्या यूएसबी नियंत्रकाची चिप भांबावून अडकली, तर तीनदा काय, तीसदा रीस्टार्ट केलं तरी तिची वीज जातच नाही, मग ती भानावर येणार कशी? म्हणून हे करा: शटडाउन करा, भिंतीतला प्लग काढा (नुसतं बटण बंद नको, प्लगच काढा), माऊस काढा, मग संगणकाचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेला चार्ज निघून जाईल. दोन मिनिटं थांबून प्लग लावा, संगणक चालू करा आणि पूर्ण चालू झाल्यावर मागच्या पोर्टात माऊस लावा. तुमची लक्षणं वाचून माझा पहिला डाव यावरच आहे.

यानंही -७१ येत राहिला तर एक्स्टेन्शन वायर आहे का बघा. मंद वेगाच्या यूएसबी उपकरणाला वायरीची मर्यादा ३ मीटर. शहाद्याकडच्या एका ऑफिसात धूळ नको म्हणून संगणक लोखंडी कपाटात ठेवला होता आणि माऊसला ५ मीटरची एक्स्टेन्शन जोडली होती. सकाळी माऊस चालायचा, दुपारी मरायचा. त्यांनी तीन माऊस बदलले होते. मी ‘डीमेसेज’ला ‘वजा मोठा टी’ लावून ओळींच्या वेळा घड्याळात काढल्या, तर प्रत्येक पाऊस जिनिंगच्या मोटरी सुरू झाल्यावर पडत होता. कॅबिनेटला हात लावला तर मुंग्या! अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडलेला. खड्ड्यात पाणी-मीठ गेलं, एक्स्टेन्शन गेली, तेव्हा पहिलाच ‘खराब’ माऊस परत कामाला लागला. बाकी दोघांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

तिसरी शक्यता: ओळी स्वच्छ आल्या. ‘न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस’, मग कंपनीचं नाव, मग ‘इनपुट’ शब्दानं सुरू होणारी ओळ आणि ‘एचआयडी-जेनेरिक’. हे दिसलं तर वायर, पोर्ट, वीज सगळं निर्दोष. आता खरंच लिनक्सच्या अंगणात आलो. ‘इनपुट’ची ओळ येण्याआधीच गाडी थांबली असेल, तर माऊस ओळखला गेला पण त्याला चालक (ड्रायव्हर) मिळाला नाही. ‘एल-एस-यू-एस-बी वजा टी’ ही आज्ञा झाडासारखी यादी देते. माऊसच्या ओळीत ‘ड्रायव्हर’पुढे ‘यूएसबीएचआयडी’ आणि शेवटी १.५एम किंवा १२एम हवं. तिथे रिकामं किंवा ‘नन’ असेल तर ‘सुडो मॉडप्रोब यूएसबीएचआयडी’ करून बघा. मॉड्यूल (कर्नलला जोडायचा सुटा भाग) सापडत नाही असं उत्तर आलं, तर बहुतेक वेळा कर्नल अपडेट झालेलं असतं आणि चालू असतं जुनंच. त्याच्या मॉड्यूलची पेटी डिस्कवरून गेलेली असते. आर्च नावाच्या लिनक्सवर हे नेहमीचं, उबंटू जुनी पेटी ठेवते म्हणून क्वचित. ‘यूनेम वजा आर’नं आलेला आकडा ‘लिब’मधल्या ‘मॉड्यूल्स’ फोल्डरमध्ये आहे का ते ताडून बघा. नसेल तर रीस्टार्ट हाच उपाय, आणि तेवढा पुरतो.

पुढचा टप्पा माझा आवडता, कारण इथे घराचे सरळ दोन भाग होतात. ‘ई-व्ही-टेस्ट’ नावाचं छोटं साधन टाकून घ्या, सुडोनं चालवा, यादीतून माऊसचा क्रमांक द्या आणि माऊस हलवा. ‘आरईएल-एक्स’, ‘आरईएल-वाय’ अशा ओळी भराभर पळाल्या, तर कर्नलपर्यंत सगळं पोचतंय आणि दोष वरच्या मजल्यावर, म्हणजे डेस्कटॉपच्या बाजूला. काही हललं नाही, तर दोष खालीच. मधे काही नाही. इंटरनेट नसेल तर ‘सुडो कॅट’ करून ‘डेव्ह’ खालच्या ‘इनपुट’मधली ‘माइस’ (एम-आय-सी-ई) ही फाइल वाचा: हलवल्यावर स्क्रीनवर चित्रविचित्र अक्षरं सांडली की माऊस जिवंत. कंट्रोल-सी दाबून बाहेर या.

वरच्या मजल्यावर काय काय सापडतं? कुणीतरी ‘एक्सइनपुट डिसेबल’ केलेलं. ‘एक्सइनपुट लिस्ट’मध्ये माऊसचा क्रमांक बघून ‘एनेबल’ करायचं. हे जुन्या एक्स सत्रात (एक्स आणि वेलँड ही पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या-नव्या यंत्रणांची नावं), वेलँडमध्ये त्याऐवजी ‘सुडो लिबइनपुट डिबग-इव्हेंट्स’ बघा. किंवा दहा वर्षांपूर्वीचा कुठलातरी सल्ला वाचून बनवलेली ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ फाइल, जिच्यात ‘ऑटो-ॲड-डिव्हाइसेस’ला ‘फॉल्स’ लिहिलेलं असतं. मग एक्स नवीन उपकरणांकडे बघतच नाही. ती फाइल पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा. तुमच्याकडे नुसती लाइट गेली होती, कुणी फाइलींना हात लावला नव्हता, तर हा मजला मी शेवटी बघेन.

झोपेचा प्रकार वेगळा. माऊस चालतो, थोडा वेळ सोडला की थिजतो, आणि क्लिक केल्यावर किंवा काढून लावल्यावर जागा होतो. कर्नल स्वतःहून माऊसला झोपवत नाही. वीज वाचवणारं साधन त्याला तसं सांगतं, उदाहरणार्थ ‘पॉवरटॉप’चं ‘ऑटो-ट्यून’. ‘डीमेसेज’मध्ये माऊसचा पत्ता असतो, समजा १-३, म्हणजे पहिल्या बसचा तिसरा पोर्ट. ‘सिस/बस/यूएसबी/डिव्हाइसेस/१-३/पॉवर/कंट्रोल’ या फाइलमध्ये ‘ऑटो’ असेल तर ‘ऑन’ लिहायचं. इथे सगळे एकदा तरी फसतात: ‘सुडो इको ऑन’ लिहून पुढे ‘>’ चिन्ह देऊन फाइलचं नाव दिलं की ‘परमिशन डिनाइड’ येतं, कारण फाइल उघडायचं काम सुडो करत नाही, तुमचा साधा शेल (टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणारा प्रोग्राम) करतो. त्याऐवजी ‘इको ऑन’, उभी रेघ, ‘सुडो टी’ (टी-ई-ई) आणि मग फाइलचा पत्ता. रीस्टार्टनंतर हे पुसलं जातं, म्हणून खरा उपाय त्या साधनाच्या सेटिंगमध्येच करायचा.

याच पत्त्यानं माऊस न काढता काढल्यासारखाही करता येतो: ‘ड्रायव्हर्स/यूएसबी’ फोल्डरमधल्या ‘अनबाइंड’ फाइलमध्ये १-३ लिहा, मग ‘बाइंड’मध्ये. पण पत्ता दोनदा वाचा. मी एकदा घाईत कीबोर्डचा पत्ता लिहिला होता. ना माऊस, ना कीबोर्ड, आणि समोर साहेब चहा पीत बसलेले.

एक चमत्कारिक दुखणं अजून, कारण स्वस्त माऊसांमध्ये ते खरंच आढळतं. रोजनिशीत दर मिनिटाला माऊस ‘डिस्कनेक्ट’ होतो आणि लगेच नवा क्रमांक घेऊन परत येतो, विशेषतः डेस्कटॉप चालू नसलेल्या नुसत्या काळ्या कन्सोलवर. काही चिप्सना कुणी विचारपूस केली नाही की त्या साधारण साठ सेकंदांनी रुसून स्वतःला रीसेट करतात. कर्नलमध्ये अशा रुसव्यांची यादीच आहे. तुमचा माऊस यादीत नसेल तर ‘यूएसबीएचआयडी डॉट क्वर्क्स’ या बूट पर्यायात (संगणक सुरू होताना कर्नलला द्यायच्या सूचनेत) त्याचे दोन आयडी (‘एलएसयूएसबी’त दिसतात ते) आणि शेवटी ०x०४०० द्यायचं. अर्थ: हा बोलो न बोलो, सतत विचारत राहा.

कुणाकडे फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच, पण वेगळी सिस्टिम) असेल तर विचार हाच, नावं वेगळी. रोजनिशी ‘डीमेसेज’च, यादीसाठी ‘यूएसबीकॉन्फिग’, माऊसचा चालक बऱ्याच आवृत्त्यांत ‘यूएमएस’. चालक आला नसेल तर ‘केएलडीलोड यूएमएस’, आणि कन्सोलवर बाण हवा असेल तर ‘माऊसडी’ चालू आहे का ते बघायचं.

तर भाऊ, तुमच्यासाठी क्रम असा: आधी प्लग काढून पूर्ण वीज तोडणं आणि मागचा पोर्ट. मग कीबोर्डशी अदलाबदल. मग ‘डीमेसेज’समोर माऊस काढून लावणं. एवढ्यात अर्धा तास जातो. तरी बाण हलला नाही तर तीन गोष्टी मला पाठवा: माऊस लावल्यानंतरच्या ‘डीमेसेज’च्या शेवटच्या तीस ओळी, ‘एलएसयूएसबी वजा टी’ची पूर्ण यादी, आणि ‘ई-व्ही-टेस्ट’मध्ये ओळी पळाल्या की नाही. मोबाइलनं फोटो काढला तरी चालेल, फक्त एररचा आकडा दिसू द्या. मागच्या वेळी कुणीतरी पाठवलेल्या फोटोत नेमकी तीच ओळ ट्यूबलाइटच्या चमकेखाली गेली होती.